चार बोटं उतरलेली काच

जुन्या गाड्यांचा बाजार मांडून बसलेल्या एका शेठने मुळे सरांना फसवलं. पाण्यात बुडून निघालेली गाडी त्याने त्यांना कोरडी म्हणून विकली. मी त्याचं नाव लिहून दिलं होतं, संपादकांनी ते काढायला लावलं. त्यावरून फोनवर आमचं बरंच वाजलं. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली की नाव जाईल, पण बाकी एकही ओळ कापायची नाही. म्हणून इथे तो नुसता शेठ. तुम्हाला नाव कळलं नाही तरी चालेल. त्याला स्वतःला कळलं म्हणजे झालं.

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे. नगरजवळ केडगावात पुणे रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे. मूळचा पाथर्डी तालुक्यातला. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि मीही लहानपणी त्यांच्याबरोबर फडातच असायचो. एका हंगामात ट्रॅक्टरचे दिवे बंद पडले तेव्हा एक म्हातारा वायरमन आला. त्याच्याकडे एक छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, एवढंच होतं. तो बल्ब घेऊन तो ट्रॅक्टरभर फिरला, जिथे बल्ब पेटायचा थांबला तिथे बोट ठेवलं आणि म्हणाला, "हितं मेलंय." मला ते वैद्यकीसारखं वाटलं. पुढे शिकलो, पडलो, भांडलो, शेड उभं केलं. त्या चढउतारांची यादी देत बसत नाही.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून एकच सांगतो. लोकांना वाटतं फ्यूज ही बिघडणारी वस्तू आहे. खरं उलटं आहे. गाडीतला प्रत्येक भाग टिकावा म्हणून बसवतात, फ्यूज तेवढा मरावा म्हणून बसवतात. नखाएवढा रंगीत तुकडा, आत एक बारीक पट्टी. वायरीला झेपणार नाही एवढा करंट धावला की ती पट्टी वितळते आणि वाट बंद होते. उडालेल्या फ्यूजच्या जागी नवा खोचणं हे काम कुणीही करील. तो का मेला हे शोधायचं, ते आमचं काम.

आणि ते सांगितलेलं कुणाला आवडत नाही. पाथर्डीहून प्रवासी आणणारा एक काळी-पिवळी जीपवाला होता. दर चार दिवसांनी फ्यूज उडतो म्हणून यायचा. मी म्हणायचो, गाडी दोन दिवस ठेव, शॉर्ट शोधतो. तो म्हणायचा, दोन दिवस धंदा कोण करणार, तुमचा बाप? मग त्याने फ्यूजच्या जागी बांधकामाची तार पिळून बसवली आणि मुद्दाम मला दाखवायला आला.

"बघा मिस्त्री. आता न्हाई उडत."

"फ्यूज न्हाई उडायचा," मी म्हणालो, "आता जीप उडंल."

पंधरा दिवसांत करंजीच्या घाटाअलीकडे जीपच्या डॅशबोर्डातून धूर निघाला. माणसं उड्या मारून उतरली म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी तो काळवंडलेला वायरींचा गठ्ठा घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवला. त्याला मी काही बोललो नाही, जे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

या धंद्यात खरी घासाघीस दिवसांवरून होते. गिऱ्हाईक म्हणतं उद्या द्या, आम्ही म्हणतो आठवडा लागेल, आणि मध्ये कुठेतरी सौदा जमतो. मी घासाघिशीत पक्का आहे असं लोक म्हणतात. मीही तसंच समजत होतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. वायरींचा जुडगा बांधायला आता सगळे काळी चिकटपट्टी वापरतात. नगरच्या उन्हात तिचा गोंद पाझरतो आणि पट्टी सुटते. मी चांभाराकडचा मेणाचा दोरा वापरतो, आणि गाठ मारत नाही. आई उसाची मोळी बांधायची तसं बांधतो. ती उसाच्या वाढ्याला, म्हणजे वरच्या हिरव्या पाल्याला, दोन पीळ द्यायची आणि शेंडा पिळाखाली उलटा खुपसायची. ओढलं की घट्ट होतं, उलटं फिरवलं की एका झटक्यात सुटतं. माझ्याशिवाय वायरिंग असं बांधणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुळे सर आले. निवृत्त शिक्षक, भूगोल शिकवायचे. मूळचे पुणतांब्याचे, घराण्यात पिढ्यानपिढ्या नदीकाठची भिक्षुकी. आता केडगावात राहतात, पण महिन्यातून एकदा बायकोला घेऊन गावी जातात. वहिनींचा एक गुडघा वाकत नाही. पुढच्या सीटवर पाय मावत नाही म्हणून त्या मागे डावीकडे बसतात आणि पाय सीटवर आडवा ठेवतात. त्यासाठीच सरांनी शेठकडून ही पांढरी गाडी घेतली होती. बारा वर्षांची जुनी, पण दिसायला चकचकीत.

सरांनी माझ्यापुढे डब्याचं झाकण ठेवलं. त्यात सात उडालेले फ्यूज होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली.

"सातही एकाच जागेचे आहेत," सर म्हणाले. "मागच्या काचांचा फ्यूज. आणि सातही वेळा गाडी पुणतांब्यातच होती."

मी हसलो. "सर, फ्यूजला गाव कळत नसतं."

"मलाही तसंच वाटत होतं, म्हणून तर चिठ्ठ्या बांधल्या. नदीकडे उतरणारा रस्ता आहे ना, तिथेच होतं. घरापाशी नाही, हायवेला नाही. तोंड नदीकडे करून उतरायला लागलो की होतं."

"काय व्हतं?"

"आधी चारही दारांची कुलपं लागतात. मग मागची डावी काच उतरायला लागते. चार बोटं उतरते आणि थांबते. मग हॉर्न वाजत राहतो."

"ह्याच क्रमानं?"

"सातही वेळा," सर म्हणाले.

मग त्यांनी सातव्या वेळची हकीकत सांगितली. ऐन दुपार होती. गाडी उतारावर नदीकडे तोंड करून उभी केली, वहिनींना ऊन लागू नये म्हणून एसी चालू ठेवला आणि सर तांब्या घेऊन पाण्याकडे गेले. ते वाकून तांब्या भरत असताना मागे हॉर्न सुरू झाला. येऊन पाहतात तर दारं बंद, किल्ली आत, काच चार बोटं खाली. फ्यूज गेल्यामुळे काच वरही होईना आणि खालीही. एसीही थांबला होता. वहिनी आतून दाराची कडी ओढत होत्या. सरांनी फटीतून हात घातला, तो मनगटाशी अडकला. घाटावरचे पाच-सहा जण धावत आले. एकाने काच फोडायला दगड उचलला, तर वहिनी आतून नको नको म्हणायला लागल्या. शेवटी सगळ्यांनी पुढून जोर लावून गाडी मागे चढावर रेटली. जुना हँडब्रेक त्या जोरापुढे टिकला नाही. गाडी वर सपाटीला आली आणि चारही कुलपं आपोआप खट्कन उघडली.

"किती वेळ आत व्हत्या वहिनी?"

"पंधरा मिनिटं असतील," सर म्हणाले. "मिस्त्री, बिघाड काढता येत नसेल तर तसं सांगा. गाडी विकून टाकतो. पण मग ती दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोला बसायला जाणार."

ते ऐकून मी गाडी ठेवून घेतली. दिवस विचारले नाहीत, सांगितले नाहीत.

पहिले दोन दिवस काहीच सापडलं नाही. फ्यूज बॉक्स उघडला, स्वच्छ. मीटर लावला, सगळं बरोबर. काच शंभर वेळा वरखाली केली, फ्यूज शाबूत. शॉर्ट ही लबाड गोष्ट आहे, गाडी आमच्याकडे आली की ती लपून बसते. फक्त पुढच्या दोन सीटांमधला स्विचचा कप्पा उघडला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत राहिली. मागच्या डाव्या दाराच्या स्विचमधला तांब्याचा ठिपका जळून काळा पडला होता. बाकीचे तिन्ही स्विच पिवळेधमक. वरखाली करून स्विच झिजतो, जळत नाही. काच अडलेली असताना स्विच बराच वेळ दाबून धरला तरच तो असा जळतो. वहिनी करत असतील, असं म्हणून मी तो बदलला. जुना टाकून न देता खिशात ठेवला, का ते तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना सरांच्या हकीकतीची शेवटची ओळ आठवली. सपाटीला आली आणि कुलपं उघडली. माझं शेड सपाट आहे. गाडी दोन दिवस सपाटीवर उभी होती.

मी उठलो. शेजारचा टायरवाला जेवायला गेला होता, रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं आणि कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. पुढच्या चाकांना अडण लावली, किल्ली चालू स्थितीत ठेवली, काच बंद केली, बाहेर आलो आणि मागून जॅक लावून गाडी उचलायला लागलो. मागची बाजू वर, तोंड खाली. उतारावर असावी तशी.

आधी आवाज आला. माठ हळूच कलंडवल्यावर येतो तसा. गाडीच्या पोटातून, मागून पुढे सरकत गेला आणि थांबला.

मग कुलपं लागली. चारही एकदम.

मग मागची डावी काच थरथरायला लागली. आत कुणीच नव्हतं, मी जॅकच्या दांड्यावर हात ठेवून उभा होतो. काच उतरली, एक बोट, दोन बोटं, चार बोटं, आणि अडली. मोटर कण्हत राहिली. मग फ्यूज उडाल्याचा टिक असा बारीक आवाज, मोटर गप्प, आणि हॉर्न सुरू.

चाळीस वर्षांत मी जळत्या गाड्या पाहिल्या आहेत, गाडीच्या आगीत हात भाजून घेतला आहे. पण भर दुपारी त्या रिकाम्या मागच्या सीटकडे पाहताना माझ्या मानेवर काटा आला. बिघाड असा नसतो. बिघाडात घाई नसते आणि क्रम तर नसतोच. हे मला कुणीतरी करतंय असं दिसलं. आधी दारं अडकली, मग काचेचं बटण दाबलं, ते दाबून धरलं, ते मेल्यावर हॉर्न.

मी जॅक उतरवला. पाणी मागे गेल्याचा तोच आवाज आला आणि कुलपं उघडली.

माझा नियम आहे, पॅनेल उघडायचं ते मालकासमोर. नाहीतर उद्या म्हणतो, हे तुम्हीच तोडलं. सरांना बोलावलं. वहिनीही काठी टेकत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. डाव्या बाजूच्या दारांखाली जो उंबरा असतो तो आतून पोकळ असतो, पन्हळीसारखा. गाडी धुताना, पावसात आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याला खाली भोकं असतात. मी खाली शिरून पाहिलं. भोकं आतून गाळाने गच्च बसलेली आणि बाहेरून कुणीतरी काळा जाड रंग मारून बुजवलेली. साठलेलं पाणी आतच. गाडी तोंडावर उतरली की ते पाणी धावत पुढे यायचं आणि डाव्या पायाशी असलेल्या कुलपाच्या डबीवर, तिथल्या वायरींच्या जोडावर चढायचं. कुलूप, काच, हॉर्न आणि एसी, चौघांचे जोड तिथेच एकमेकांशेजारी.

"म्हणजे साधं कारण आहे," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

"साधंच हाय," मी म्हणालो आणि गालिचा उचलून उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली.

वायरींचा जुडगा बाहेर आला. तांबं हिरवं पडलेलं. आणि जुडग्याला हातभर अंतरावर मेणाचा दोरा, दोन पीळ, शेंडा पिळाखाली उलटा खुपसलेला.

जुडगा उजेडात धरून मी तो दोरा पुन्हा पाहिला. सरांनी विचारलं, "काय झालं?" मी दोऱ्याचं टोक धरून उलटं फिरवलं. एका झटक्यात सुटलं.

मग सांगावंच लागलं. आदल्या पावसाळ्यात शेठने एक गाडी टेम्पोवर घालून माझ्याकडे आणली होती. सीटा काढलेल्या, नंबरप्लेट नाही, मागच्या डाव्या दाराचं आतलं पॅनेल नाही, त्या दाराला काचही नाही. पांढऱ्या गाड्या रस्त्याला ढिगाने, नंतर ओळखणार कशी. शेठ म्हणाला होता, "पुन्यात सोसायटीच्या पार्किंगमधी पावसाचं पानी शिरलं व्हतं. वाळवून द्या."

भिजलेली गाडी वाळवणं म्हणजे उन्हात उभी करणं नव्हे. प्रत्येक जोड उघडायचा, धुवायचा, वारा मारायचा, उंबऱ्यातलं पाणी काढायचं. मी आठ दिवस मागितले. शेठ म्हणाला दोन. मी म्हणालो सात. तो म्हणाला, "गिऱ्हाईक उभं हाय. तुमी न्हाई म्हणाला तर दुसरा हाय." शेवटी तीनवर आलो. मला वाटलं होतं, दोनाचे तीन करून मी जिंकलो. तीन दिवसांत वरचं सगळं वाळवलं, वायरिंग पुन्हा बांधलं, आणि उंबरा उघडलाच नाही. दिवस तीन तर काम तीन दिवसांचं, हा माझा हिशेब.

सरांनी पन्हळीतला गाळ बोटावर घेतला होता. ते तो दोन बोटांत चोळत होते.

"मिस्त्री, पार्किंगमधल्या पाण्याला असा गाळ नसतो. ही गंगेची माती आहे." आमच्याकडे काठावरचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात.

"मातीवर काय नाव लिव्हलेलं असतंय, सर?"

"मी या मातीत वाढलोय. पूर ओसरला की आमच्या ओसरीवर हीच बसायची. वास घ्या."

मी घेतला नाही. मला दुसरंच आठवलं होतं. तेव्हा गाडी झाडताना मागच्या सीटच्या रुळांत काचेचे बारीक खडे होते. ओंजळभर. मी ते ब्रशने झाडून कचऱ्यात टाकले होते. गाडीची काच फुटली की खडे ज्या बाजूला मार बसतो त्याच्या पलीकडे पडतात. खडे आत होते. म्हणजे काच बाहेरून फोडली होती. आणि रिकामी गाडी नदीतून काढताना कुणी काच फोडत बसत नाही, दोर लावून ओढतात.

खिशातला जळका स्विच मी काढून सरांच्या हातावर ठेवला. काय तो सांगितलं. दाबून धरल्याशिवाय असा जळत नाही.

सरांनी स्विच उलटून पाहिला. मग म्हणाले, "तुम्ही तेव्हा विचारलं नाही? पाणी कुठलं, काच का नाही?"

"न्हाई विचारलं."

"मीही नाही विचारलं," सर म्हणाले. "एवढी चांगली गाडी एवढ्या स्वस्तात कशी देतोय, असं मनात आलं होतं. पण हिचा गुडघा दुखत होता आणि मला गाडी हवी होती."

वहिनी इतका वेळ गाडीच्या त्या दाराकडे पाहत होत्या. "त्या दिवशी तो माणूस दगड घेऊन आला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी नको म्हणाले ते काच महाग म्हणून नाही. मला वाटलं, हे आधी एकदा झालंय, आणि तेव्हा काच फोडेपर्यंत उशीर झाला होता." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दोघांनीही तेव्हा विचारलं नाही. मग आता विचारा की."

त्याच दुपारी मी शेठकडे गेलो. तो गाड्यांच्या रांगेत खुर्ची टाकून कलिंगड खात होता.

"या मिस्त्री. फोड घ्या."

"मुळे सरांची गाडी कुठल्या नदीतनं काढली व्हती?"

"नदी?" तो बी थुंकला. "पार्किंगमधी भिजलेली गाडी ती. तुमीच वाळवली की. इसरला?"

"न्हाई इसरलो. उंबऱ्यात गाळ हाय."

"मग तुमी तवा काढायचा ना गाळ. वाळवली तुमी, आन् जाब मी द्यायचा व्हय?"

बरोबर वर्मावर घाव घालतो हा माणूस, म्हणून तर त्याचा धंदा चालतो. माझा हात त्याच्या कॉलरला गेला. त्याची दोन माणसं उठली. शेठने त्यांना बसायला सांगितलं आणि शांतपणे माझी बोटं एकेक करून सोडवली.

"मिस्त्री, डोकं गरम करू नका. सरांना काय तरास हाय, कुलूप लागतंय, दुरुस्त करून द्या, माझ्या नावावर. त्या डाव्या दाराला नवी काच टाकली, नवं पॅनेल टाकलं, कडी नवी टाकली. आजून काय करू?"

डाव्या दाराबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो. काच नव्हती आणि पॅनेल नव्हतं, हे मी पाहिलं होतं. पण कडी? आतली कडी त्याने बदलली होती, हे मला माहीतच नव्हतं.

"कडीला काय झालं व्हतं?" मी विचारलं.

त्याने कलिंगडाची फोड खाली ठेवली. "जावा तुमी आता," म्हणाला.

परत येऊन मी चारही दारांच्या कड्या एकाशेजारी एक पाहिल्या. तीन कड्यांवरचा रंग बारा वर्षांत हात लागून गेलेला. मागची डावी कोरी. जुनी कडी तुटल्याशिवाय कुणी बदलत नाही. आणि आतली कडी बाहेरून तुटत नाही.

आरसी बुकावर आधीचं जे नाव आहे त्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथे एक बंद दुकान आहे, शेजारी कुणाला काही माहीत नाही. सर पुणतांब्यात विचारून आले, मी वरच्या काठाच्या चार गावांत विचारलं. प्रत्येक गाव पुढच्या गावाकडे बोट दाखवतं. गाडीबद्दलचा अर्ज सरांनी ग्राहक आयोगात दिला आहे. फसवणुकीचं काय व्हायचं ते तिथे होईल.

गाडी माझ्या शेडमध्ये आहे. सरांनी ती नेली नाही आणि मी नेऊ दिली नसती. उंबरा कापून पाणी काढलं, गाळ काढून डब्यात भरून ठेवला, वायरिंग नवं घातलं. या वेळी दिवस मोजले नाहीत. जॅक लावून वीस वेळा तोंडावर उभी केली, एकदाही कुलूप लागलं नाही. बिघाड संपला, हे मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगतो. आता बॅटरी काढून ठेवली आहे. मागच्या काचांचा फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात असतो.

तरी जेवून परत आलो की काही दिवस मागची डावी काच चार बोटं उतरलेली असते. काचेची पकड सैल झाली की ती वजनाने खाली येते, हे मला ठाऊक आहे. मी पकड बदलली. ती आतून हाताने वर करतो, आणि पुन्हा कधीतरी चार बोटं. तीन नाही, पाच नाही. टायरवाला म्हणतो गाडी भंगारात घाला. मी घालणार नाही. भंगारात गेली की विचारायला काही उरत नाही.

शेठ, हे तुझ्यासाठी आहे. गाडी वाळवून तुझ्या हातात देणारा मी आहे आणि तेवढं माझ्या माथी आहे, ते मी सरांसमोर कबूल केलं, इथेही करतो. पण ती आणली तू. काच तू टाकलीस, कडी तू बदललीस, ती भोकं काळ्या रंगाने तू बुजवलीस. तुला माहीत आहे. मागे डावीकडे कोण बसलं होतं? बाई होती, म्हातारं माणूस होतं की लेकरू होतं? त्याचं नाव काय, गाव कुठलं, आणि त्याच्या घरच्यांना माहीत आहे का की ती गाडी रंगवून पुन्हा माणसं बसवायला विकली?

मागच्या वेळी तू दोन दिवस म्हणालास, मी आठ म्हणालो आणि तीनवर जमलं. या वेळी घासाघीस नाही. हा अंक तुझ्या हातात पडल्यापासून तीन दिवस. शेडवर ये, त्या सीटवर बस आणि सांग.